पवित्र ग्रंथांतील पुस्तकक्रम व पोथीची परीक्षा

जुन्या बायबलाचीं सुटीं पानें हातीं आलीं, कीं संग्राहक छापील प्रत पुढें ठेवून तीं त्या क्रमानें लावून टाकतो. हेतु चांगला असतो. पण त्यामुळें पोथीचा एक मोठा पुरावा नाहींसा होतो. कारण हा क्रम सर्वत्र व सर्वकाळीं एकच नव्हता.

यहुदी लोक आपल्या ग्रंथसंग्रहास 'तनख' म्हणतात. तोरा (नियमशास्त्र), नवीईम (संदेष्टे) व केतुवीम (इतर लेख) या तीन विभागांच्या आद्याक्षरांनीं हें नांव बनलें आहे. त्यांत अनुक्रमें ५, ८ व ११ मिळून २४ पुस्तकें आहेत. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक जुन्या करारांत ३९ मोजतात. पण मजकूर तोच. शमुवेल, राजे व इतिहास यांचे दोन दोन भाग केले, एज्रा व नहेम्या वेगळे धरले, आणि यहुदी गणनेंत मिळून एकच असलेले बारा लघु संदेष्टे बारा मोजले, एवढेंच. रोमन कॅथलिकांचीं ४६ पुस्तकें मात्र खरोखरीच अधिक आहेत. तोबित, यहूदीथ, मक्काबी इत्यादि ७ पुस्तकें ग्रीक भाषांतराच्या परंपरेंतून आलीं; त्यांस ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४६ त प्रमाण ठरविलें, तर ल्यूथरनें १५३४ च्या आपल्या बायबलांत तीं निराळीं काढून ठेविलीं होतीं.

संख्येपेक्षां क्रम अधिक बोलका आहे. ख्रिस्ती जुना करार मलाखीच्या भविष्यानें संपतो व लगेच मत्तयाचें शुभवर्तमान लागतें. यहुदी छापील प्रतींचा शेवट इतिहासाच्या पुस्तकानें, म्हणजे यरुशलेमेस जाण्याविषयींच्या कोरेश राजाच्या आज्ञेनें होतो. दानीएल संदेष्ट्यांत आहे कीं केतुवीमांत, एवढें पाहिलें तरी पोथी कोणत्या परंपरेची याचा बराच अंदाज येतो.

हा भेद समजण्यास गुंडाळी व बांधीव पोथी यांतील अंतर ध्यानांत घ्यावें. निरनिराळ्या गुंडाळ्यांवर पुस्तकें असत तोंवर कोणतें आधीं हा प्रश्न लेखकापुढें फारसा नव्हता. पुस्तकें एकत्र बांधूं लागल्यावर तो टाळतां येईना. तोराचा क्रम मात्र कधींच ढळला नाहीं. क्लॉडिअस ब्यूकॅनन यानें १८०६ त कोचीनच्या यहुद्यांकडून मिळविलेली तोराची गुंडाळी (आतां ती केंब्रिज विद्यापीठांत आहे) तांबड्या रंगविलेल्या ३७ कातड्यांची, सुमारें ४८ फूट लांब आहे. तींत लेवीय व अनुवादाचा बहुतेक भाग नाहीं. क्रम निश्चित असल्यानें काय गेलें हें निःशंक सांगतां येतें.

केतुवीमांत अशी सोय नाहीं. तालमुदांतील 'बाबा बाथ्रा' प्रकरणांत रूथ प्रथम व इतिहास शेवटीं सांगितला आहे. सुमारें ९३० ची अलेप्पोची व १००८ ची लेनिनग्राडची या दोन्ही पोथ्यांत इतिहास प्रथम येतो. अलेप्पोच्या पोथीची १९४७ च्या दंग्यांत नासधूस झाली व तिचीं ३०० हूनहि कमी पानें उरलीं. हल्लीं ती गीतरत्नांत मध्येंच तुटते. छापील क्रमावर विसंबणारा म्हणेल, इतिहास गेला; प्रत्यक्षांत तो स्तोत्रांच्या आधीं शाबूत आहे!

नव्या कराराचीं २७ पुस्तकें अथानासिअसच्या ३६७ च्या पत्रांत प्रथम नेमकीं आढळतात. पौलाचीं पत्रें कालक्रमानें नव्हे, तर स्थूलमानानें लांबीनें लावलेलीं आहेत. चौथ्या शतकांतील सिनाई पोथींत प्रेषितांचीं कृत्यें पौलाच्या पत्रांनंतर येतात, व आज प्रमाण न मानलेलीं बर्नबाचें पत्र व हर्मासचा 'मेंढपाळ' हींहि तींत आहेत.

अध्यायांच्या आंकड्यांवरहि भिस्त ठेवूं नये. ते तेराव्या शतकांत स्टीफन लँग्टनच्या विभागणीवरून रूढ झाले. नव्या करारांतील आजचे वचनांक रोबेर एत्येनच्या १५५१ च्या आवृत्तींतले. मलाखीचे हिब्रूंत ३ अध्याय, ख्रिस्ती छापील प्रतींत बहुधा ४. स्तोत्रांचे क्रमांक ग्रीक व हिब्रू परंपरेंत बऱ्याच ठिकाणीं एकानें चुकतात. यास्तव पानें हलविण्यापूर्वीं तीं मिळालीं त्याच क्रमानें पेन्सिलीनें आंकडे घालावे, शिवणीचे जुडगे तपासावे, आणि एक पुस्तक संपून दुसरें त्याच पानावर कोठें सुरू होतें तें प्रथम टिपून घ्यावें.