ऊन मारी, ऊन तारी

बँकेच्या नोकरीत भोर-वेल्ह्याची खेडी मी पुष्कळ हिंडलो. दसऱ्याच्या आधी तिकडच्या बायका नीरेवर, गुंजवणीवर गोधड्या धुऊन खडकांवर वाळत घालतात. अंथरुणाला ऊन दाखवलं की त्यातले जंतू मरतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण ऊन खाल्लेला प्रत्येक जंतू मरतोच असं नाही. काही चक्क स्वतःची डागडुजी करतात.

उन्हातले अतिनील किरण जंतूच्या डीएनएला इजा करतात. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. एका धाग्यावर शेजारी बसलेली थायमिनची दोन अक्षरं या किरणांनी एकमेकांना चिकटतात. नक्कल तिथेच अडते. १९४९ साली अमेरिकेत अल्बर्ट केल्नर यांना आढळलं, की अतिनील मारा खाल्लेले जंतू साध्या उजेडात ठेवले की त्यातले बरेचसे पुन्हा वाढू लागतात. फोटोलायेज नावाचं त्यांचं विकर निळा प्रकाश शोषतं आणि त्याच्या जोरावर ती गाठ सोडवतं. म्हणजे मारणारं ऊन आणि तारणारंही ऊनच! तुम्हाआम्हाला हे विकर मिळालेलं नाही.

अंधारातली रीत वेगळी. बिघडलेल्या जागेभोवतीचा बारा-तेरा अक्षरांचा तुकडा कापायचा आणि समोरच्या धाग्यावरून नवा लिहून काढायचा. लेजरमधली नोंद शाईने बरबटली की आम्ही व्हाउचर काढून आकडा पुन्हा लिहीत असू, तसंच. नुकसान फारच झालं तर जंतू अंदाजपंचे अक्षरं भरतात. चुका राहतात, पण जीव वाचतो. (आमच्या बँकेत हे खपलं नसतं.)

२००५ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. त्या प्रयोगाचे प्रमुख होते पुण्याचे डॉ. जयंत नारळीकर. तपासणी हैदराबादेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाली. तीन नव्या जातींचे जंतू सापडले, आणि तिन्ही अतिनील किरणांना आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद न देणारे! २००९ साली हे जाहीर झालं. त्यातल्या एकाला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव मिळालं.

आभाळ राहू द्या, हा मामला आपल्या ओट्यावरही आहे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला अतिनील दिवा जंतूंचा डीएनएच बिघडवतो. दिवा जुना झाला किंवा पाणी गढूळ असलं, तर मारा अपुरा पडतो, आणि तेच पाणी काचेच्या बाटलीत खिडकीशी ठेवलं तर अर्धमेले जंतू उजेडात सावरू शकतात. ते पाणी झाकून, उजेडापासून दूर ठेवावं आणि लवकर संपवावं. आषाढात वेल्ह्याकडे गेलो, की मी मात्र गाळून उकळलेलंच पाणी मागतो.