फुलांतून उभं राहणारं बंदर

न्हावा शेवाच्या बंदरात नजर आधी खिळते ती कंटेनरांच्या थप्प्यांवर. लाल, निळे, पिवळे, हिरवे, विटकरी. हेच यार्ड ‘माइनक्राफ्ट’मध्ये उभारायचं, तर एवढा रंग आणायचा कुठून? या खेळात तो बराचसा फुलांतून येतो. म्हणून बंदर बांधायला निघालेल्याने आधी रान गाठावं.

पण त्याआधी हिशोब. खेळातला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. ४० फुटी कंटेनर १२.२ मीटर लांब, साधारण २.४ मीटर रुंद आणि २.६ मीटर उंच असतो. आपण १२, २ आणि ३ ब्लॉक धरू. एका कंटेनरला ७२ ब्लॉक लागतील. लोकरीचे ब्लॉक आग पकडतात, म्हणून काँक्रीट घ्यावं. क्राफ्टिंग टेबलावर चार वाळू, चार खडी आणि एक रंग मांडला की रंगीत पुडीचे आठ ब्लॉक मिळतात. म्हणजे कंटेनरमागे वाळू ३६, खडी ३६ आणि रंग फक्त ९. ही पूड वाळूसारखी ढासळते, पण पाणी लागताच काँक्रीट होऊन घट्ट बसते. त्यामुळे धक्क्यालगत पाण्यात ओतत गेलं की काम झपाट्याने होतं.

आता फुलं. डँडेलायनपासून पिवळा, पॉपीपासून लाल, कॉर्नफ्लॉवरपासून निळा आणि लिली ऑफ द व्हॅलीपासून पांढरा रंग मिळतो. छोट्या फुलातून एकच रंग निघतो. सूर्यफूल, गुलाबाचं झुडूप, लायलॅक आणि पिओनी ही दोन ब्लॉक उंचीची फुलं मात्र दोन-दोन रंग देतात. खरा फायदा पुढे आहे. उंच फुलावर बोनमील टाकलं की मूळ झाड जागेवर राहतं आणि तसंच आणखी एक फूल खाली पडतं. गुलाबाचं एक झुडूप धक्क्याजवळ लावलं, तरी लाल कंटेनरांची सोय कायमची झाली. बोनमील हाडांपासून होतं. उरलेली फुलं कंपोस्टरमध्ये टाकूनही मिळतं.

हिरव्या कंटेनरापाशी मात्र फुलं थांबतात. तो रंग निवडुंग भट्टीत भाजून काढावा लागतो. काळ्यासाठी विदर रोझ आहे, पण ते अंगाला लागलं की इजा होते. त्यापेक्षा स्क्विडची शाई बरी. उन्हापावसात विटलेला जुना कंटेनर हवा असेल तर मी काँक्रीट घेणारच नाही. एका रंगाभोवती आठ टेराकोटा मांडले की रंगीत टेराकोटा मिळतो आणि त्याची मातकट छटा खऱ्या यार्डाच्या फार जवळ जाते.

फूल पोटातही जातं. वाडग्यात लाल आणि तपकिरी मश्रूमसोबत एक फूल घातलं की सस्पिशस स्ट्यू होतं. ऑक्सआय डेझीने जखम भरते, अ‍ॅलियमने आगीपासून थोडा वेळ बचाव होतो. लिली ऑफ द व्हॅली मात्र विषारी, ती रंगापुरतीच ठेवावी.

क्रेनसाठी तांबं वापरलंत तर मधमाश्या हव्यातच. खेळातलं तांबं हळूहळू हिरवं पडतं. मेण चोळलं की रंग टिकतो. मेणाच्या पोळ्यासाठी माशी लागते आणि माशीला फूल. दोन माश्यांना फुलं भरवली की पिल्लू होतं. फुलांवरून परागकण घेऊन त्या पोळ्यात परततात. पोळं भरलं की त्यातून मध ठिबकू लागतो. तेव्हा खाली शेकोटी पेटवावी, म्हणजे धुराने माश्या चवताळत नाहीत. मग कात्री चालवली की मेणाच्या पोळ्याचे तीन तुकडे हाती येतात. पावसात आणि रात्री माश्या पोळ्यातच बसतात, तेवढा धीर धरावा.

माश्यांसाठी फुलझाडंच लावायला हवीत असं नाही. २०२२ मध्ये खेळात खारफुटीची दलदल आली. तिथल्या झाडांवर लोंबणाऱ्या रोपांनाही माश्या फूलच मानतात. कोकणातल्या खाड्यांत कांदळाचं बी असंच झाडावर रुजतं आणि शेंगेसारखं लोंबत राहतं. न्हावा शेवाची नक्कल करताना धक्क्यामागे चिखलाचा पट्टा राखून तिथे ही रोपं लावाच. खारफुटीवाचून हा किनारा ओळखू येणार नाही, आणि मेणाचीही सोय तिथेच होईल.