दिवा कोणासाठी जळतो?

तेलाच्या समईच्या काळी दिवा लावणे हे जसे कर्तव्य होते, तसेच तो वेळेवर मालवणे हेही होते. जुनी माणसे ‘दिवा विझवला’ असे म्हणत नसत. ‘मालवला’, ‘शांत केला’, ‘निरोप दिला’ असे म्हणत. त्या शब्दांत मांगल्याची जपणूक होती आणि तेलाच्या थेंबाची किंमतही होती. विजेचे बटण आले आणि हे भान हळूहळू ओसरले. घरी महिन्याचे बिल कान पिळते म्हणून ते थोडेफार टिकले. कचेरी, शाळा, बँक, कारखाना येथे मात्र बिल कोणी तिसराच भरतो. त्यामुळे सुटी झाल्यावर दिवे, पंखे, यंत्रे चालू ठेवावीत की बंद करावीत, हा प्रश्न तेथे सर्वांचा असूनही कोणाचाच नसतो.

आम्हा कर्नाटकातील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अलीकडे अधिकच टोकदार झाला आहे. जुलै २०२३ पासून ‘गृहज्योती’ योजनेखाली घरगुती वापराची वीज, सरासरी वापराच्या हिशेबाने दरमहा २०० युनिटांच्या मर्यादेत, विनामूल्य झाली. त्याच वर्षीच्या राज्योत्सवदिनी सरकारी शाळा-महाविद्यालयांनाही वीज मोफत देण्याची घोषणा झाली. गरजू घराला आणि गरीब शाळेला हा मोठाच आधार आहे. परंतु बिल शून्य झाले म्हणजे विजेचे मोल शून्य झाले, असे नव्हे. त्याच २०२३ साली पावसाने ओढ दिली, जलाशय भरले नाहीत आणि ऑक्टोबरात राज्यभर विजेची टंचाई भासली. शेतकऱ्याच्या पंपाला पुरेसे तास वीज मिळेना. रिकाम्या खोलीतला पंखा आणि कोरडा पडलेला ऊस एकाच तारेला जोडलेले आहेत, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

थोडा हिशेब मांडून पाहू. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा, जुनी ट्यूब चोकसह ५० वॅटच्या आसपास. शनिवारी दुपारी बाराला शाळा सुटली आणि एका वर्गातील एक पंखा व एक ट्यूब तशीच राहिली, तर सोमवारी सकाळी दहापर्यंत ४६ तास होतात. म्हणजे एका वर्गाची पावणेसहा युनिटे! शंभर मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून एक युनिट मिळवायचे तर सुमारे चार हजार लिटर पाणी खाली सोडावे लागते. तेव्हा एका रिकाम्या वर्गाने दोन दिवसांत तेवीस हजार लिटर पाणी वाहून घालविले, असेच म्हणायला हवे. ही वीज कोळशाची असेल तर युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, त्याचा धूर निराळाच.

आणि ते पाणी येते कोठून? पिरनवाडीवरून जाणारा खानापूरचा रस्ता धरून पुढे गोव्याच्या दिशेने गेले की रामनगर लागते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुपा धरण १९८० च्या दशकात उभे राहिले, सुपे गाव आपल्या घरादारांसह पाण्याखाली गेले, आणि तेथून उठलेली अनेक कुटुंबे या रामनगरात वसली. महाराष्ट्रात कोयनेच्या जलाशयासाठी गावे सोडून दूरच्या जिल्ह्यांत गेलेल्यांची कहाणी आपण ऐकत आलो आहोत. तीच कहाणी येथे आपल्या उंबऱ्याशी घडली आहे. बटण दाबताना एवढी आठवण राहिली तरी पुरे.

यावर काही जाणती माणसे सांगतात, की वारंवार चालू-बंद केल्यानेच वीज अधिक जाते. यात तथ्य किती? ट्यूब पेटताना क्षणभर जास्त वीज ओढते हे खरे, पण तो क्षणच असतो. काही सेकंद ट्यूब बंद राहिली तरी त्याची भरपाई होते. वारंवार पेटविल्याने जुन्या ट्यूबचे व सीएफएल दिव्याचे आयुष्य मात्र घटते. म्हणून पाच-दहा मिनिटांसाठी बाहेर जाताना तो दिवा राहू द्यावा, पाव तासाहून अधिक वेळ लागणार असेल तर बंद करावा. आजच्या एलईडीला ही अडचण नाही.

उद्यमबागेतील कारखान्यांतल्या यंत्रांचे गणित थोडे वेगळे आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह घेते, पण तो काही सेकंदच. दर दोन मिनिटांनी ती बंद-चालू केली तर वेटोळे तापते, हे खरे; म्हणून काम बदलण्यापुरती ती फिरू द्यावी. जेवणाच्या सुटीत लेथ मोकळा फिरत ठेवण्याला मात्र कोणतेही समर्थन नाही. कचेरीतील संगणकही रात्री बंद केल्याने बिघडत नाही. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो, तेव्हा नुसते बटण बंद करणे पुरत नाही. ढग जमताच प्लगच काढून ठेवावा.

उलट काही उपकरणे बंद करणे हाच अपराध ठरेल. आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रीज २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहिलाच पाहिजे. कोणा अतिउत्साही माणसाने काटकसर म्हणून त्याचे बटण खाली केले, तर बालकांच्या लसी निकामी होतील. पहाऱ्याचा दिवा, राखणीचा कॅमेरा यांचेही तसेच. म्हणून ‘सर्व बंद करा’ हा नियम ‘सर्व चालू असू द्या’ याइतकाच आंधळा आहे.

खरा नियम एका प्रश्नात सामावतो: हे या क्षणी कोणासाठी चालू आहे? उत्तरादाखल एखादा माणूस, रुग्ण, लस किंवा पहारा दाखविता आला, तर ते चालू राहावे. नाही तर बंद व्हावे. त्यासाठी शाळेत व कचेरीत एक सोपी व्यवस्था करता येते. कधीही बंद न करायच्या बटणावर लाल कागद चिकटवावा, बाकीच्यांवर हिरवा. मग शेवटी बाहेर पडणाऱ्याने, तो शिपाई असो की साहेब, सर्व हिरवी बटणे खाली करूनच कुलूप लावावे. शाळेच्या मंत्रिमंडळातील एखाद्या मुलाकडे आठवड्याची ही जबाबदारी सोपविली तर ते काम तो मोठ्या अभिमानाने करतो, आणि घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही टोकतो.

स्वतःच्या पैशाने आणलेले जपणे हा व्यवहार झाला. जे सर्वांचे आहे आणि ज्याचे बिल आपल्या नावावर येत नाही, ते जपणे ही नागरिकाची खरी कसोटी. ती कसोटी रोज संध्याकाळी, खोलीला कुलूप लावण्याआधी, आपणा प्रत्येकापुढे उभी असते.