सायनसची शस्त्रक्रिया नेमके काय साधते?

"ऑपरेशन केलं तरी सायनस परत येतोच," असे अनेकजण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा 'म्हणजे ऑपरेशन व्यर्थ' हा निष्कर्ष चुकीचा आहे. नाक चोंदणे, घट्ट शेंबूड, वास न येणे हे 12 आठवड्यांहून अधिक टिकले की तो जुनाट सायनसायटिस. यात जंतूंपेक्षा सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या, अस्तराच्या रेंगाळलेल्या दाहाचा वाटा मोठा असतो, म्हणूनच अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स सहसा वाया जातात. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टिरॉइडचा फवारा आठवडेन्आठवडे नेमाने मारणे हा पहिला उपचार. 'स्टिरॉइड' ऐकून लोक दचकतात. पण फवाऱ्यातून रक्तात फारच थोडे औषध जाते. धास्ती घ्यावी ती नाक झटकन उघडणाऱ्या थेंबांची. काही दिवसांपलीकडे ते वापरले, तर नाक उलट जास्तच चोंदते.

एवढ्याने भागले नाही आणि सीटी स्कॅनमध्येही दोष दिसला, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. ऑस्ट्रियातील ग्राझचे कान-नाक-घसा तज्ज्ञ मेसरक्लिंगर यांनी दाखवले, की सायनसमधली सूक्ष्म लव शेंबूड सायनसच्या नाकात उघडणाऱ्या नैसर्गिक तोंडाकडेच ढकलते. म्हणून आतले सारे खरवडण्यापेक्षा ते तोंड मोकळे करायचे. डोळा आणि मेंदू शेजारीच असतात, त्यामुळे धोका आहेच, मात्र गंभीर इजा क्वचित होते. दाहाची प्रवृत्ती शस्त्राने जात नाही. दमेकऱ्यांत तर पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराच्या मऊ गाठी, पुन्हा वाढू शकतात. पण पूर्वी जिथे औषध पोहोचतच नव्हते, तिथे ते आता पोहोचते, आणि म्हणून फवारा नंतरही चालू ठेवावा लागतो. नुसतेच डोके दुखत असेल, तर मात्र आधी मायग्रेन तपासावा.