बोटीवर मोबाईल टिकवायचा कसा?

बमरोलीत घरी मोबाईल बंद पडला तर शेजाऱ्याचा फोन मिळतो. तापीचं मुख सोडून बोट दर्यात गेली की ती सोय नाही. म्हणून निघण्याआधी एवढं बघून घ्या.

१. एअरप्लेन मोड : रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो, त्यातच बॅटरी उतरते. एअरप्लेन मोड लावा, लोकेशन चालू ठेवा. जीपीएसचा सिग्नल उपग्रहावरून येतो, त्याला टॉवर लागत नाही. नकाशा मात्र किनाऱ्यावरच डाउनलोड करून ठेवा.

२. पॉवर बँक : १०,००० एमएएचवर ५,००० चा फोन दोनदा भरेल असं वाटतं. पण व्होल्टेज बदलताना वीज वाया जाते. साधारण दीड वेळच धरा आणि त्या हिशेबाने घ्या.

३. वॉटरप्रूफ पाऊच : आधी आत कोरडा कागद घालून अर्धा तास बादलीत बुडवा. कागद ओला झाला तर तो पाऊच कामाचा नाही.

४. खारं पाणी : पोर्ट ओलं असताना चार्जर लावू नका, पिना गंजतात. फोन बंद करा, पोर्ट खाली धरून झटका, पूर्ण सुकू द्या. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते.

आणि मुख्य गोष्ट : रेंज नसेल तर मोबाईलवरून मदत मागता येत नाही. तिथे व्हीएचएफ चॅनल १६ च कामाला येतो, तो सेट निघताना तपासा. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. खलाशांच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये तो आजच सेव्ह करा.