तक्रार न करणारी फाईल

नगऱ्यात एका कर-सल्लागाराच्या कचेरीतले संगणक मी सांभाळते. पाच मशीन, कोपऱ्यात लिनक्सचा एक सर्व्हर, आणि सगळ्यांच्या फायली त्याच्यावरच्या एकाच फोल्डरात. मार्चच्या गर्दीत हाक येऊ लागली, “दीदी, फाइल फिर खराब हो गई.” एक्सेलची फाईल उघडेना, पीडीएफचं अर्धं पान करडं. सर्व्हर बंद करून चालू केला की तीच फाईल ठणठणीत. वायरस, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

अशा वेळी लोक बिघडलेली फाईल पुसून बॅकअपमधली आणतात. मी आधी बिघडलेल्या फाईलची प्रत बाजूला काढते, कारण पुरावा तोच असतो. ती नक्की कुठे आणि कशी बिघडली आहे, त्यावरून कारणाचा माग लागतो. शेपटाकडे नुसती शून्यं असली तर लिहिता लिहिता वीज गेली असावी. इथल्या उन्हाळ्यात हे नवीन नाही. दोघांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या असतील तर लॉकिंग तपासायचं, म्हणजे एकाच्या हातातली फाईल दुसऱ्याला त्याच वेळी लिहू दिली जाते का ते. आमच्या बिघडलेल्या प्रतीत मात्र चांगल्या प्रतीच्या मानाने एकच बाइट वेगळा होता, आणि त्यातलाही एकच बिट.

मग शा-२५६ चालवलं. हे गणित कुठल्याही फाईलवरून ६४ अक्षरांची खूण काढतं. फाईलमधला एक बिट हलला तरी खूण पार बदलते. पाचही मशीनवर एकाच फाईलची खूण काढली. एकाच मशीनवर ती वेगळी आली असती, तर त्या मशीनची मेमरी किंवा नेटवर्क कार्ड पकडलं असतं. पाचही ठिकाणी सारखीच आली, आणि सारखीच चुकीची! सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर मात्र बरोबर. म्हणजे डिस्कवरची फाईल शाबूत होती. लिनक्स एकदा वाचलेली फाईल मेमरीत ठेवतो आणि पुढच्यांना तिथूनच देतो. बिघाड त्या मेमरीत होता.

वाटेतल्या नेटवर्कने चूक का नाही पकडली? माझे वडील इथल्या रेल्वे यार्डात नंबर टेकर, म्हणजे वाघिणींचे नंबर उतरवून घेणारे, होते. मालगाडीच्या वाघिणीचा नंबर ११ आकडी असतो आणि शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या दहांतल्या सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, विषम जागांवरची त्यात मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो अकरावा. एक आकडा चुकला तर हमखास सापडतो. शेजारचे १ आणि ६ अदलाबदल झाले तर मात्र सापडत नाही. आणि भलत्याच वाघिणीचा नंबर बिनचूक उतरवला, तर हे गणित काहीच बोलत नाही. इथर्नेटची ३२ बिटांची आणि टीसीपीची १६ बिटांची तपासणी याच जातीची. मेमरीत आधीच बिघडलेला बाइट त्यांनी इमानाने पोचवला.

एक बिट म्हणजे किती, हे बेल्जियमच्या स्कारबेकमध्ये २००३ साली दिसलं. मतदानयंत्राच्या मोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त मिळाली. तो आकडा म्हणजे २ चा बारावा घात. वैश्विक किरणाने बिट उलटला असावा, असा तर्क झाला. मतं शक्यतेपेक्षा जास्त झाली म्हणूनच चूक दिसली.

मला धास्ती होती ती अशा न दिसणाऱ्या चुकीचीच. एक्सेलची आजची फाईल झिप असते, तिच्या पोटात तपासणीची बेरीज असते, म्हणून ती कुरकुर करते. साध्या सीएसव्ही फाईलमध्ये तसं काही नसतं. तिथे ठरावीक एक बिट उलटला की १ चा ९ होतो, ० चा ८. १,२४० रुपयांचे ९,२४० होतात आणि फाईल निमूट उघडते. वर कोणी ती उघडून सेव्ह केली, की चूक डिस्कवर कायमची.

रात्री मेमटेस्ट लावला. तो मेमरीत ठरावीक नमुने लिहून परत वाचतो. सकाळी पडद्यावर लाल ओळी. मेमरीची एक पट्टी बदलली, आणि पुढच्या वेळी चुका आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी घ्या, असं मालकांना सांगून ठेवलं.

खरं किचकट काम त्यानंतरचं होतं. बिघाडाआधीच्या बॅकअपशी प्रत्येक फाईलची खूण ताडून पाहिली. तारीख बदललेली, खूणही बदललेली, अशा फायली कोणीतरी हाताळलेल्या होत्या. त्यातल्या सीएसव्ही छापून कचेरीतल्या मुनीमजींकडे दिल्या. ते मूळ पावत्या घेऊन बसले आणि एकेका रकमेवर लाल पेन्सिलीने टिक करू लागले.