ग्रुपमधून वगळलेला पालक

अकोला-अमरावतीकडील अनेक शाळांत पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हीच आता सूचनावही झाली आहे. पोषण आहाराविषयी खोचक प्रश्न विचारणाऱ्या पालकास ॲडमिन क्षणात वगळू शकतो. प्रश्न खोचक असला म्हणून खोटा ठरत नाही. मेळघाटातून मजुरीसाठी दूर गेलेल्या पालकाचा तर शाळेशी उरलेला धागाच त्यामुळे तुटतो.

इतरांच्या मजकुराचा ठपका आपल्यावर येईल, ही ॲडमिनची भीती असते. समान हेतू दिसून आल्यावाचून, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरास केवळ ॲडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

वगळल्याने गुप्तता राखली जाते, हाही भ्रमच होय. पूर्वीचे संदेश, क्रमांक व मुलांची छायाचित्रे त्या पालकाच्या फोनमध्ये तशीच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. यास्तव विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती व गुण यांच्या याद्या ग्रुपवर टाकूच नयेत. नाराज पालकाशी शिक्षकांनी समक्ष बोलावे. वगळणे अटळच झाल्यास कारण लेखी कळवावे आणि पुढील सूचना मुलाच्या वहीतून अथवा दूरध्वनीने त्यास पोचवाव्यात.